चपलांचं स्टँड घेण्याआधी घरात माप घे

भाऊ, दुकानात जाण्याआधी घरातले सगळे जोड ओसरीत एका रांगेत मांड. माणसं पाच असली तरी जोड पंधराच्या खाली निघणार नाहीत. शेतातले वेगळे, बाजाराचे वेगळे, पोरांचे शाळेचे वेगळे. मोठ्या माणसाच्या जोडाला साधारण २० ते २२ सेंमी रुंदी लागते, म्हणजे अडीच फुटी कप्प्यात तीन जोड. आता कप्पे तूच मोज.

खोली मात्र १२ इंचांच्या खाली घेऊ नको. दहा नंबरचा बूट जवळपास फूटभर असतो, अरुंद कप्प्यात टाच बाहेर येते अन् येता-जाता पाय लागतो. दार पूर्ण उघडून बघ, ते स्टँडला अडतं का.

आपल्याकडची खरी गोष्ट काळ्या मातीची. कपाशीच्या वावरातून आलं की चपलेला बोटभर थर असतो, वाळला की ढेकळं पडतात. सपाट फळीवर ती साचतात. मी आधी प्लायवूडचं घेतलं होतं, दोन पावसाळ्यांत खालची फळी फुगली अन् वाळवी लागली. म्हणून लोखंडी जाळीचंच घे, माती खाली गळते. तळाचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर हवा, खराटा आत गेला पाहिजे. अंधाऱ्या, ओल्या सांदीत विंचू बसतो, पोरांना बूट झटकूनच घालायला लाव.

गमबुटांना १६ इंच उंची लागते. फवारणीचे असतील तर ते या स्टँडवर ठेवूच नको, गोठ्याजवळ वेगळी खुंटी ठोक.