अवकाशातल्या इंटरफेरोमीटरने ताऱ्यांच्या जागा मोजणारी नासाची ‘सिम’ मोहीम का रद्द झाली? तंत्र जमलं नाही का?

तंत्र जमलं होतं. माझ्या मते ‘सिम’ प्रयोगशाळेत पास झाली आणि बजेटमध्ये नापास.

इंटरफेरोमीटरमध्ये कोन थेट मोजत नाहीत, लांबी मोजतात. एका दांडीच्या दोन टोकांना आरसे असतात. तारा तिरपा असेल तर त्याचा प्रकाश एका आरशावर किंचित आधी पोचतो. आतले आरसे सरकवून तेवढाच फरक भरून काढला, की दोन्हीकडचा प्रकाश एकत्र आल्यावर उजळ-काळे पट्टे ठळक उमटतात. किती सरकवावं लागलं, त्यावरून ताऱ्याची दिशा निघते.

ऐकायला सोपं आहे, पण ‘सिम’च्या शेवटच्या, 6 मीटरच्या आराखड्याचं गणित करून पाहा. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. तिच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जायचं तर लांबी साधारण 29 पिकोमीटरपर्यंत अचूक हवी. हायड्रोजनचा अणूच 100 पिकोमीटरच्या आसपास असतो! जमिनीवर हवाच याहून कितीतरी जास्त गोंधळ घालते, म्हणून अवकाशात जायचं. आणि एवढा अट्टहास कशासाठी, तर 33 प्रकाशवर्षांवरून पाहिलं तर पृथ्वीच्या ओढीने सूर्य विकलेच्या जेमतेम 0.3 दशलक्षांश भागाइतका डुलतो. ताऱ्यांचं असं डुलणं टिपून पृथ्वीसारखे ग्रह शोधायचे होते.

लेसरने अशी मापं घेता येतात हे नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने दाखवून दिलं होतं. पण उड्डाण पुढे पुढे ढकललं गेलं, खर्च वाढला, कुठल्या मोहिमांना प्राधान्य द्यायचं हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी ठरवतात, त्या 2010 च्या दशकीय आढाव्यात शिफारस झाली नाही आणि नासाने मोहीम गुंडाळली.

तरी अवकाशात हे कधी झालंच नाही असं नाही. हबल दुर्बिणीला ताऱ्यांवर रोखून धरणारे मार्गदर्शक संवेदक एक प्रकारचे इंटरफेरोमीटरच आहेत. 2002 मध्ये त्यांच्या मापांवरून ग्लिझ 876 या ताऱ्याभोवतीच्या एका ग्रहाचं वस्तुमान काढलं गेलं.

ताऱ्यांचा नकाशा करणाऱ्या युरोपच्या ‘गाया’ या अवकाश मोहिमेच्या पहिल्या आराखड्यातही इंटरफेरोमीटर होता. तो काढून साध्या दुर्बिणी घेतल्या, आणि नकाशासाठी तेच बरं झालं. ‘सिम’ निवडक तारे एकेक करून पाहणार होती. ‘गाया’ने जवळपास दोन अब्ज टिपले. पृथ्वीसारख्या ग्रहांचं काम मात्र तिच्या आवाक्याबाहेरच राहिलं.

गंमत म्हणजे ‘गाया’वर एक छोटा लेसर इंटरफेरोमीटर होताच, तिच्या दोन दुर्बिणींमधल्या 106.5 अंशांच्या कोनावर पहारा ठेवायला. कोन अपेक्षेपेक्षा बराच जास्त हलतोय हे त्यानेच दाखवलं, आणि मग आकडेमोडीत त्याची दुरुस्ती करावी लागली.