सात एकरांसाठी ट्रॅक्टर : नवा की जुना?

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आम्हा दोघा भावांची मिळून सात एकर भातशेती आहे. पाण्याची सोय असल्याने त्यांपैकी तीन एकरांत भातानंतर भेंडी आणि काकडी घेतो. बैलजोडी गेल्या वर्षी विकली. भाड्याच्या ट्रॅक्टरचा दर डिझेल आणि चालकासह तासाला १,१०० रुपयांवर गेला असून ऐन लावणीत तो वेळेवर मिळत नाही. ३५ अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर सव्वासहा लाखांना पडतो, त्यासाठी पाच लाखांचे कर्ज काढावे लागेल. तेवढ्याच ताकदीचा, १२ वर्षे वापरलेला ट्रॅक्टर सव्वादोन लाखांत मिळतो आहे आणि तेवढी रक्कम हाताशी आहे. काय करावे? (एक शेतकरी, मुरबाड)

उत्तर : ट्रॅक्टरच्या वयाआधी आपल्या कामाचे तास मोजावेत. नांगरणी, चिखलणी (लावणीआधी खाचरातल्या पाण्यात माती कालवणे), मळणी, भाजीपाल्याची मशागत आणि थोडी वाहतूक धरली, तरी आपल्या क्षेत्रावर वर्षाला ९० तासांपेक्षा फार जास्त काम निघेल असे वाटत नाही. कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे आणि वर्षाला १,००० तास असे धरण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तो बहुतेक काळ पडवीतच उभा राहील, आणि उभ्या ट्रॅक्टरवरही व्याज चढतच असते.

नव्या ट्रॅक्टरची किंमत किती उतरते, याचा अंदाज आपण दिलेल्या दोन किमतींवरूनच येतो : १२ वर्षांत चार लाख, म्हणजे वर्षाला सुमारे ३३ हजार. दहा टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याज ५० हजार. ही बेरीज ९० तासांवर वाटली तर तासाला ९०० रुपयांहून अधिक होते आणि डिझेल धरून ती १,२०० च्या पुढे जाते. जुन्याची घट १७ हजार, स्वतःच्या पैशांवर बुडणारे व्याज १६ हजार आणि दुरुस्तीसाठी सढळ हाताने २५ हजार धरले, तरी डिझेलसह तासाचा खर्च हजाराच्या आतबाहेर राहतो. म्हणजे जुना ट्रॅक्टर भाड्याच्या दराच्या जवळपास जातो, नवा त्यापेक्षा महाग पडतो. जुना घेण्यात पैशांची मोठी बचत नाही; रोपे लावणीला आली आणि खाचरात पाणी साचले की त्याच दिवशी चिखलणी करता येते, हा खरा लाभ आहे. शेजाऱ्यांची कामे घेऊन वर्षाला २५० तासांपर्यंत जाण्याची तयारी असेल तर मात्र नवा घ्यावा, कारण भाड्याच्या कामात ट्रॅक्टर बंद पडणे परवडत नाही.

नव्या ट्रॅक्टरची इंधनप्रणाली संगणकीय असल्याने त्याला गावचा मिस्त्री हात लावू शकत नाही, असेही सांगितले जाते. जानेवारी २०२३ पासून कठोर झालेले धुराचे निकष ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना लागू आहेत. संगणकीय इंधनप्रणालीचा प्रश्न प्रामुख्याने त्या गटातला आहे. आपल्या निवडीत या भीतीला स्थान देऊ नये.

जुना घेताना सर्वांत जास्त चौकशी चिखलणीची करावी. केवळ कोरडी नांगरणी केलेला आणि दर पावसाळ्यात लोखंडी चाके लावून चिखलात फिरलेला ट्रॅक्टर कागदावर एकाच वयाचे असले, तरी दुसऱ्याची झीज पुष्कळ अधिक असते. चिखलाचे पाणी ऑइल सीलमधून पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये शिरते. गिअरबॉक्सचे थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. विक्रेत्याकडे सकाळी लवकर जावे आणि इंजिन थंडच आहे ना, हे बोनेटला हात लावून पाहावे, कारण आधीच तापवलेले इंजिन सहज सुरू होते आणि दोष झाकले जातात. धूर निळा असेल तर इंजिन तेल जाळते आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे जड अवजार) उचलून इंजिन बंद करावे. तो भराभर खाली येत असेल तर लिफ्ट उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. म्हसा गावच्या यात्रेतील बैलबाजारात बैलाचे वय मालकाच्या तोंडावरून नव्हे, बैलाच्या दातांवरून ठरते. तासमापकाचा आकडाही तसाच बाजूला ठेवून पेडलची आणि ड्रॉबारच्या (ट्रॉली जोडायच्या मागच्या पट्टीच्या) भोकांची झीज पाहावी.

नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५, तसेच मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० सह्यांनिशी हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते, त्यामुळे आपल्याला तीन वर्षांत नूतनीकरण करावे लागेल. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, हे व्यवहारात हमखास विसरले जाते.

प्रश्न : मी नेरूळला राहतो. शहापूरजवळ दोन एकर जमीन आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी जातो. वस्तू व सेवा कर कमी झाल्यामुळे आता नवाच ट्रॅक्टर घ्यावा का? जुन्यावर अनुदान मिळते का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्के झाला हे खरे, पण ट्रॅक्टरचे टायर आणि ठरावीक सुटे भाग यांवरील करही १८ वरून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे जुना ट्रॅक्टर सांभाळणेही स्वस्त झाले. अनुदान नव्या यंत्रालाच मिळते. त्यासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी लागते. आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. तरीही दोन एकरांसाठी ट्रॅक्टर घेऊ नये, असेच आमचे मत आहे. चिखलणी जवळच्या अवजारे बँकेतून भाड्याने करून घ्यावी आणि यंत्र हवेच असेल तर छोटा पॉवर वीडर (हातांनी धरून चालवायचे मशागतीचे यंत्र) पाहावा.