कुठले साइक्स?

प्रिय ईरा,

परवा आजीने कुंपणापाशी शेजारच्या साइक्स आजोबांना विचारलं, "युवर व्हिलेज?" तू लाजून आत पळालीस आणि रात्री मला विचारलंस, "आजी सगळ्यांना 'तुम्ही कुठले' असं का विचारते?" पोळ्यांच्या गडबडीत मी नीट सांगितलं नाही. आज निवांत लिहिते.

आपल्याकडे नुसत्या आडनावाने ओळख पुरी होत नाही. कुलकर्णी म्हणजे गावच्या जमिनीचा, साऱ्याचा हिशेब लिहिणारा. पाटील म्हणजे गावचा प्रमुख. गावोगावी पाटील, गावोगावी कुलकर्णी, मग "कुठले कुलकर्णी?" असं विचारावंच लागतं. आपण करकंबचे. गाव कळलं की आजी ओळखीतून ओळख काढते आणि पाच मिनिटांत परका माणूस घरचा होतो. यात भोचकपणा नाही गं.

इथे इंग्लंडात स्मिथ लोकांचं असंच आहे. लोहार गावोगावी होते, म्हणून स्मिथही देशभर. साइक्सचं मात्र वेगळं, त्यात जागाच दडली आहे. साइक म्हणजे पाणथळ जमिनीतून वाहणारा बारीकसा ओहोळ. बऱ्याचदा तोच दोन जमिनींमधली हद्द असे. पेनाइनच्या डोंगराळ भागाच्या नकाशावर अजूनही अशा ओढ्यांच्या नावात 'साइक' छापलेलं दिसतं. इंग्लंडात आडनावं रुळू लागली त्या काळात, म्हणजे सहा-सातशे वर्षांपूर्वी, ज्याचं घर ओहोळाकाठी त्याला तेच नाव पडलं. आपल्याकडे ओहोळ आडनावाची माणसं आहेतच की!

पण ओहोळ तर जागोजागी. मग साइक्स मंडळी आपल्या हडर्सफील्डभोवतीच एवढ्या दाटीने का? 1881 च्या जनगणनेवरून आडनावांचे नकाशे काढले आहेत, त्यातही त्यांचा मोठा पुंजका वेस्ट यॉर्कशरमध्येच, म्हणजे आपल्याच भागात आहे. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स या आनुवंशिकी शास्त्रज्ञांनी स्वतःच्याच आडनावाचा शोध घ्यायचं ठरवलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इथल्या आडनावासारखंच. एकमेकांशी नातं माहीत नसलेल्या 48 साइक्स पुरुषांचे नमुने त्यांनी तपासले, तर जवळजवळ निम्म्यांचं गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं! 2000 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की हे बहुधा एकाच मूळ पुरुषाचे वंशज. उरलेल्यांचं काय? एवढ्या पिढ्यांत कुणी दत्तक आलं, कुणी आईचं आडनाव लावलं. त्यांचं गुणसूत्र वेगळं असणारच. मला हे वाचून फार आनंद झाला. म्हणजे तुझ्या वर्गातले दोन साइक्स एकमेकांना कोणी मानत नसले, तरी खूप मागे भाऊबंद असू शकतात.

शिवाय या खोऱ्यातल्या माणसांना पोटासाठी लांब जावं लागलं नाही. थोडी शेती, घरात लोकरीचा माग, आणि पुढे नदीकाठीच गिरण्या आल्या. काही डोंगर ओलांडून लँकशरला गेले. विनोदी नट एरिक साइक्स तिकडच्या ओल्डहॅमचे.

आता परवाचं राहिलेलं. तू पळालीस, पण साइक्स आजोबांना राग आला नव्हता. हातात नुकतीच उपटलेली रुबार्ब होती, देठांची माती त्यांच्या बोटांना लागलेली. त्याच बोटाने त्यांनी टेकडीपलीकडे दाखवलं आणि म्हणाले, "स्लाउइट." आजोबांचे आजोबा तिथे माग चालवायचे म्हणे. पाटीवर आपण ज्याला स्लेथवेट वाचतो ना, तेच हे गाव; इथली माणसं त्याला असंच म्हणतात. मग त्यांनी आपलं गाव विचारलं. आजीने 'करकंब' सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि बरोबर जमलं का, असं आजीलाच विचारलं.

तुझी,
आई