नागपुरात घरी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून डिस्कवर द्यायचेत. नवीन पीसीत पैसे कशावर घालू? रायटर कोणता घेऊ?

पैसे आधी प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर घाला, आणि रायटर कॅबिनेटच्या आत बसणारा साटा (मदरबोर्डला केबलने जोडायचा) ब्लू-रे घ्या. तो डीव्हीडीही लिहितो. इंटेल घेत असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' असलेलं मॉडेल टाळा. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही (व्हिडिओ झटपट उलगडणारी इंटेलची सोय) नाही. मिररलेस कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ एच.२६५ (जास्त रंग-तपशील ठेवणारा, दाबलेला प्रकार) फुटेज आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची एनव्हिडिया कार्डं डिकोड करत, म्हणजे उलगडत, नाहीत. इंटेलचं ११व्या पिढीपासूनचं क्विक सिंक करतं. एडिटिंगची टाइमलाइन अडकते ती बहुतेक इथेच. रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या. चालू काम १ टीबी एनव्हीएमई (वेगवान) एसएसडीवर, जुनं हार्ड डिस्कवर.

कॅबिनेट घेताना रायटर बसवायची ५.२५ इंची खाच आहे ना, ते दुकानातच बघा. हल्ली समोर काच किंवा जाळी असलेल्या बऱ्याच कॅबिनेटना ती नसतेच. १६एक्सची डीव्हीडी ८एक्सवर (निम्म्या वेगाने) लिहा आणि लिहिलेलं तपासणाऱ्या 'व्हेरिफाय'ची खूण ठेवा. लेखन आतून बाहेर होत जातं, त्यामुळे खराबी कडेला, म्हणजे नेमकी बिदाईच्या वेळी, दिसते.

उन्हाळ्यात कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओल आणि धूळ मिळून पंखे नि हीटसिंकवर थर बसतो.

एक मात्र आहे: डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ चंच राहतं. ४के शूट केलं असेल तर २५ जीबीची ब्लू-रे द्या, पण समोरच्याकडे ब्लू-रे प्लेअर आहे का ते आधी विचारा. नसेल तर सोबत पेनड्राइव्ह द्यावाच लागेल.