व्हिएन्नात ओळखी व्हायला हव्या असतील, तर काही शनिवार-रविवार गावातच राहा

तुम्ही लिहिलंय की व्हिएन्नात येऊन वर्ष होत आलं, नोकरी चांगली आहे, सुट्टी मिळाली की प्राग, व्हेनिस, बुडापेस्ट बघून होतं, पण सोबत कॉफी प्यायला एकही इथला माणूस ओळखीचा नाही. वर कॅफेतले वेटर तुसडे वाटतात. बरीच वर्षं इथे राहते आहे, म्हणून स्पष्ट सांगते: सगळे शनिवार-रविवार असेच बाहेर गेले, तर पुढच्या वर्षीही तुम्ही हेच लिहाल. इथे लोक नवख्याला पटकन घरी बोलावत नाहीत. आधी तुमचा चेहरा त्यांच्या सवयीचा व्हावा लागतो.

आधी वेटरचं. तो सारखा येऊन विचारत नाही, कारण पाहुण्याला निवांत बसू देणं ही इथली रीत आहे. छोट्या तबकात कॉफी आणि सोबत पाण्याचा ग्लास ठेवून तो निघून जातो. मग एका मेलांजवर, म्हणजे फेसाळ दुधाच्या कॉफीवर, दोन तास वर्तमानपत्र वाचत बसलात तरी कुणी उठवणार नाही, आणि मागितल्याशिवाय बिलही येणार नाही. याच कॉफीहाउस संस्कृतीला 2011 साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. शिरताना 'ग्र्यूस गोट' (इथला नमस्कार) म्हणा, वेटरला 'हेर ओबर' (वेटरसाहेब) अशी हाक मारा, बिल देताना थोडी टिप धरून रक्कम सांगा. एवढ्यानेही त्याच्या वागण्यात फरक पडतो.

कॅफे सेंट्रल किंवा कॅफे झाखर ही प्रसिद्ध ठिकाणं पाहुण्यांना दाखवायला ठेवा. तिथे दाराशी पर्यटकांची रांग असते. तुम्ही घराजवळचा, जुन्या सोफ्यांचा, साधा कॅफे शोधा आणि ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जात राहा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून रविवारची सकाळ उत्तम. लॅपटॉप आणि हेडफोन घरी ठेवा, नाहीतर कुणी बोलणारच नाही. काही आठवड्यांनी न सांगता तुमची नेहमीची कॉफी समोर येईल. त्यानंतरच शेजारच्या टेबलावरच्या आजी 'आज फार थंडी आहे' म्हणून बोलायला लागतील.

बोलायचं काय? पगार आणि घरभाडं नको. पाण्यावरून सुरुवात करा, खरंच! तुमच्या ग्लासातलं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे. पहिली जलवाहिनी 1873 साली सुरू झाली, दुसरी 1910 मध्ये. व्हिएन्नाकरांना या पाण्याचा मनापासून अभिमान आहे. कॉफीचाही विषय निघेल. इथल्या कॉफीहाउसचा सर्वांत जुना ज्ञात परवाना 1685 साली योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला. म्हणजे ज्याला हे लोक आपलं म्हणतात, ते बाहेरून आलेल्या माणसानेच सुरू केलं. मला ही गोष्ट फार आवडते. आणि वयाने मोठी व्यक्ती स्वतःहून 'दू' (तू) म्हणा असं सुचवेपर्यंत 'झी' (तुम्ही) असंच म्हणा.

जर्मन शिकाच. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, कॅफेत भागत नाही. क्लासमधली जर्मन आणि ट्रामच्या ड्रायव्हरची जर्मन वेगळी वाटेल, पण कान सरावतो.

प्रवास सोडा असं माझं म्हणणं नाही. जवळचा करा, पायी करा, म्हणजे सोमवारी बोलायला विषय मिळेल. डी ट्रामने नुसडॉर्फला उतरा. तिथून सुरू होणारी शहराची पहिली पदभ्रमण वाट द्राक्षमळ्यांतून 484 मीटर उंच काहलेनबर्गकडे चढते. वाटेवर अनोळखी माणसंही नमस्कार करतात. परतताना होयरिगरमध्ये बसा. तिथे मळेवाले स्वतःची वाइन देतात, आणि गर्दी असली की लांब बाकांवर एकमेकांशेजारीच बसावं लागतं, त्यामुळे गप्पा आपोआप सुरू होतात. वाइन घेत नसाल तर द्राक्षांचा रस मागा.

एकदा सेमरिंगलाही जा. अभियंता कार्ल फॉन गेगाने आखलेला तिथला 41 किलोमीटरचा रेल्वे घाटमार्ग 1854 साली सुरू झाला, आपल्या बोरघाटाच्या नऊ वर्षं आधी. 1998 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. खंडाळ्याच्या बोगद्यांतून लहानपणी खिडकीशी बसून गेलेल्या माणसाला इथले दगडी पूल बघून काय वाटेल, हे वेगळं सांगायला नको. रुळांच्या कडेने चालायची वाट आहे. युरो येण्याआधीच्या जुन्या 20 शिलिंगच्या नोटेवर छापलेलं दृश्य त्याच वाटेवरून दिसतं. ऑफिसातल्या साठीच्या सहकाऱ्याला ते सांगून बघा, तो नक्की खुलून बोलेल. फिरायची इतकी हौस आहे, तर क्लिमाटिकेटचा हिशोबही करा: 26 ऑक्टोबर 2021 पासून सुरू झालेल्या या वार्षिक पासवर देशभरातल्या जवळपास सगळ्या सार्वजनिक गाड्या चालतात.

तुम्ही कुठल्या बेत्सिर्कमध्ये, म्हणजे शहराच्या कितव्या विभागात, राहता ते कळवा, त्या भागातले एक-दोन शांत कॅफे सुचवते. सातव्या किंवा आठव्यात असाल तर रविवारी मीही येऊ शकेन.