दादांना सिगारेट सोडायला सांगू नका

पंचवटीतल्या एका धाकट्या भावाचं पत्र आहे. तीन खोल्यांत दोघा भावांचे संसार. थोरले दादा रात्री जेवण झालं की मधल्या खोलीच्या खिडकीशी बसून सिगारेट ओढतात. पत्रलेखकाच्या सहा वर्षांच्या मुलीला दमा आहे, पंप चालू आहे. ‘दादांनीच मला शिकवलं, कोणत्या तोंडानं बोलू?’

भाऊ, दोनदा ‘सोडा’ म्हणालात आणि दोन्ही वेळा वाजलं, असं तुम्हीच लिहिता. वाजणारच. इतक्या वर्षांची सवय धाकट्याच्या सांगण्यानं सुटत नाही. मागणी लहान करा: ओढा, पण घरात नको.

खिडकीशी बसलं की धूर बाहेर जातो, हा दादांचा समज. वारा उलटा असला की तोच धूर आत येतो, आणि पौष-माघाच्या थंडीत नाशकात रात्री खिडकी उघडी ठेवतं कोण? पंखा धूर नुसता घरभर फिरवतो. प्युरिफायरवर पैसे घालू नका. त्यानं कण थोडे कमी होतात, विषारी वायू तसेच राहतात. सिगारेटच्या धुरात ७,०००हून जास्त रसायनं असतात, त्यातली निदान ७० कॅन्सरला कारण होणारी. आणि वास जावा म्हणून वहिनी अगरबत्ती लावतात ना? तीही बंद. दम्याच्या पोरीला तोही धूरच.

बोलायचं तुम्ही, एकट्यानं, दादांशी. बायकोला पुढे करू नका, नाहीतर ‘हिनं कान भरले’ होईल. त्याहून बरं म्हणजे पुढच्या तपासणीला मुलीला घेऊन दादांनाच दवाखान्यात न्या. ते तिला रोज गोदाघाटावर फिरवतात म्हणता, मग नाही म्हणणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकण्यात थोरल्याचा मान जात नाही.

खाली ओट्यावर खुर्ची आणि राखेला एक डबा ठेवा. जिन्यात नको, तिथला धूर वर चढतो. ओढून आल्यावर शर्ट बदलायचा, हात धुवायचे, मगच पोरीला जवळ घ्यायचं. पाहुण्यांनाही हाच नियम, तुमच्या मेव्हण्यांसकट.

पत्राच्या शेवटी तुम्ही कंसात लिहिलंय, ‘मीही कधीतरी मित्रांबरोबर गच्चीवर ओढतो.’ मला सगळ्यात जास्त तो कंस खटकला. आधी तुमची बंद करा, मग दादांशी बोला.

सोडायचा विषय दादांनी स्वतः काढला, तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. पण नंबर फ्रिजवर चिकटवू नका, टोमणा वाटेल. विचारलं तर द्या.