रिलिव्हर उशिरा येते, घरून फोन येतात

प्रश्न : मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे ड्यूटी संपत आली की फोन सुरू होतात. रिलिव्हर, म्हणजे माझ्या जागी पुढच्या पाळीला येणारी नर्स, वरचेवर उशिरा येते. हल्ली मी ओव्हर (पेशंटची माहिती पुढच्या नर्सकडे सोपवणं) लिहून ठेवून निघते, पुढच्या डोसची सहीही आधीच करते. औषध ती देते. हे चुकतंय का?

उत्तर : हो, दोन्ही चुकतंय, त्यातही सही फार. चार्टवर सही दिसली की औषध दिलं गेलं असंच पुढची समजणार. मग डोस चुकतो; किंवा ती देऊन पुन्हा सही करते आणि तिसरीला दोन डोस दिसतात. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांच्या बाबतीत हा घोळ जिवावर बेततो. जिने औषध दिलं तिनेच, दिल्यावर, वेळ घालून सही करायची.

ओव्हर पेशंटच्या खाटेजवळच द्या. औषध सोडणाऱ्या पंपाचा रेट, सलाईनच्या जागेची सूज, ड्रेनमध्ये (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) किती आलं, युरिन बॅग कधी रिकामी केली, हे दोघींनी मिळून बघायचं असतं. गंभीर पेशंट आधी घ्या. आज काय झालं, पूर्वीचं काय, आता तुम्हाला काय दिसतंय आणि काय करायचं राहिलंय, या क्रमाने सांगा. राहिलेलंच जास्त सुटतं : न आलेला रिपोर्ट, डॉक्टरांना कळवलंय पण ऑर्डर आलेली नाही. अफूजन्य औषधांची मोजणी आणि कपाटाची किल्ली समोरासमोर द्या.

रिलिव्हर दहा मिनिटांत आली नाही तर इन्चार्ज सिस्टरना कळवा. बदली शोधणं त्यांचं काम आहे. तोवर त्या नेमतील त्या सिस्टरला ओव्हर द्या, नाव-वेळ नोंदवा आणि निघा. उशिराच्या तारखा लिहून ठेवा, पण तिच्याशी वाद घालू नका. अडचण तिच्याही घरी असू शकते.

घरी ड्यूटी संपण्याची वेळ सांगू नका, त्यापुढे तासभर धरून सांगा. सासूबाईंना कुस बदलून देणं, डायपर, औषध हे त्या तासात कोण करणार ते नावानिशी ठरवा. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही. वॉर्डच्या नंबरवर फोन फक्त धाप लागली, शुद्ध हरपली, पडल्या तरच.

ठरावीक शिफ्ट हवी असेल तर पुढची ड्यूटी लिस्ट लागण्याआधी लेखी अर्ज करा. अदलाबदल केलीत तर परतफेडीला सलग दोन ड्यूट्या करू नका. सतरा तास जागरणानंतर सावधपणा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका घसरतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.